विमान कुणाचे?

मालकी या गोष्टीचा आपल्याकडे मोठा चमत्कारिक अर्थ लावला जातो. वस्तू आपली आहे, एवढे म्हणायला मिळाले की माणूस खूश असतो. ती चालते कशी, टिकते कशी, हे पाहणे मात्र दुसऱ्या कोणाचे तरी काम असते. आमच्या सोसायटीची लिफ्टच घ्या ना. ती बत्तीस सभासदांच्या मालकीची आहे. ती अडली की एकतीस सभासद चिटणिसांकडे पाहतात, चिटणीस देखभालीच्या कंत्राटदाराकडे पाहतात आणि कंत्राटदार विजेच्या दाबाकडे पाहतो. आत अडकलेला बत्तिसावा सभासद तेवढा कुणाकडेच पाहत नाही, कारण आत अंधार असतो. पण दोन मजल्यांच्या मध्ये सापडलेला हा माणूस तासाभराने, घामाघूम होऊन का होईना, बाहेर येतो आणि जिन्याने घरी जातो. ज्या वाहनाला जिन्याची सोय नाही, त्याची गोष्ट निराळी.

विमानाशी माझा संबंध तिकीट काढून खिडकीपाशी बसण्यापुरता. तो अधिक वाढला तो आमच्या भाचीमुळे. माझी धाकटी बहीण गोंदियाला दिली आहे. जावईबापूंची तांदळाची गिरणी आहे. गोंदियात दर दुसऱ्या माणसाची तांदळाची गिरणी असते असे नागपूरकर म्हणतात, त्यात अतिशयोक्ती फार नाही. बहिणीची मुलगी लहानपणापासून गच्चीवर उभी राहून बिरसीकडून येणारी विमाने मोजत आली. बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधली. पुढे पुष्कळ वर्षे तिला कोणी विचारीत नव्हते, आणि या शतकात तिथे वैमानिक घडवणाऱ्या संस्था आल्या. तेव्हापासून त्या मुलखातल्या पोरांना विमानाचे अप्रूप आगगाडीइतकेच, म्हणजे मुळीच राहिलेले नाही. पोरगी पदार्थविज्ञान आणि गणित घेऊन बारावी झाली, आणि एका संध्याकाळी जेवणाच्या पानावर तिने जाहीर केले की, मी वैमानिक होणार.

घरात लागलीच दोन तट पडले. जावईबापूंची काळजी पैशाची. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला दोनशे तासांचे उड्डाण लागते, आणि सगळा खर्च अर्ध्या कोटीच्या घरात जातो. "एवढ्यात दुसरी गिरणी उभी राहील," ते म्हणाले. बहिणीची काळजी निराळी. १८ मार्च २०२३ रोजी बिरसीहून निघालेले एक प्रशिक्षणाचे विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात भक्कूटोल्याच्या डोंगरात कोसळले. शिकवणारा आणि शिकणारी मुलगी, दोघेही गेले. त्याआधी २०१७ च्या एप्रिलात असेच एक विमान वैनगंगेत पडले होते. त्यातलेही शिक्षक आणि शिकणारी मुलगी, दोघे गेले. अपघाताची कारणे नाना असतात. वारा, डोंगर, चुकलेला अंदाज. दर वेळी यंत्राच्या माथी दोष मारणे बरोबर नाही. पण आईला असल्या वर्गवारीशी काय कर्तव्य? तिने मला फोन केला. "दादा, तू एकदा येऊन जा. तिचं काही ऐकून घे, नाही तर तिला काही ऐकव."

माघी पौर्णिमा तोंडावर होती. बहीण म्हणाली, आलाच आहेस तर कचारगडला जाऊ. यात्रेच्या दिवशी सालेकसा तालुक्यातल्या त्या वाटेवर माणसांचा पूर लोटतो. दरेकसा स्टेशनवर गाडी थांबली की डबेच्या डबे रिकामे होतात. महाराष्ट्रातले, मध्य प्रदेशातले, छत्तीसगडातले, आणखी कुठकुठले गोंड बांधव पिवळे झेंडे घेऊन धनेगावच्या बाजूने डोंगर चढत असतात आणि समोर येणाऱ्याला 'जय सेवा' म्हणतात. आम्हीही म्हटले. कोयांच्या धर्माचे हे मूळ ठाणे. सांगणारे सांगतात की, कली कंकालीची तेहतीस मुले इथल्या गुहेत कोंडली गेली होती आणि गुहेच्या तोंडावर भली थोरली शिळा होती. पहांदी पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी ती मुले सोडवायचे मनावर घेतले. हिरासुका पाटालीर या वादकाने किंगरी वाजवली, त्या सुरांनी मुलांच्या अंगात बळ आले, आतून-बाहेरून जोर लागला आणि शिळा ढळली. ती नेमकी हिरासुकावर आली. मुले सुटली, वादक गेला. एक म्हातारे गृहस्थ ही कथा आपल्या नातवाला सांगत होते, आणि आम्ही मागून चालत फुकटात ऐकत होतो.

चढावर बहिणीला दम लागला म्हणून एका झाडाखाली टेकलो, आणि वर घरघर ऐकू आली. पांढरे, लहानसे, एका इंजिनाचे विमान डोंगराच्या कडेने वळले आणि उत्तरेकडे निघून गेले. भाची उठून उभी राहिली. तिने विमानाची जात, इंजिन, पंखा अशी सगळी कुंडली मांडली. बहीण ऐकत होती की नाही कोण जाणे. तिने एकच विचारले.

"ते विमान कुणाचं गं?"

"संस्थेचं, आई."

"संस्था म्हणजे कोण? सकाळी उठून त्या विमानाकडे बघतं कोण?"

"इंजिनिअर असतात ना."

"ते पगारी. मी मालकाचं विचारते आहे. तुझे बाबा रोज सकाळी गिरणीच्या पट्ट्याला हात लावून बघतात, गडी सहा असले तरी. तसं तिथं कोण बघतं?"

भाचीने माझ्याकडे पाहिले. "मामा, तुम्हीच सांगा." मामाने डोंगराकडे पाहिले. प्रश्न बिनतोड होता आणि त्याचे उत्तर यात्रेत मिळण्यासारखे नव्हते.

ते मिळाले नागपूरला, आमच्याच गल्लीत. तीन घरे सोडून एक निवृत्त गृहस्थ राहतात. सगळे त्यांना काका म्हणतात. उभा जन्म त्यांनी ठिकठिकाणच्या फ्लाइंग क्लबांत विमाने दुरुस्त करण्यात घालवला. हाताची नखे अजून काळसर आहेत. भाची आठ दिवस आमच्याकडे राहायला आली तेव्हा मी तिला त्यांच्याकडे नेले. एका संध्याकाळचे काम, असे मला वाटले होते. आम्ही सहा संध्याकाळी गेलो. त्यांच्या सौभाग्यवतींनी त्या सहा दिवसांत किती चहा केला असेल त्याचा हिशेब मी ठेवला नाही.

काकांनी सुरुवात पुष्पकपासून केली. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या कारखान्यात तयार झालेले हे दोन आसनी विमान पहिल्यांदा १९५८ साली उडाले, आणि पुढे देशभरच्या क्लबांतून पोरे त्यावर उडायला शिकली. त्याच्या पंखांवर पत्रा नव्हे, कापड ताणलेले असे. "ते कापड म्हणजे ढोलकीची पुडी," काका म्हणाले. "बोटाने वाजवून बघायचं. आवाज बद्द आला की समजावं, उन्हानं कापडाचा जीव गेला. तेव्हा म्हातारपण कानाला कळत असे. आता पत्र्याची विमानं आली. पत्रा लबाड. वरून रंग चकचकीत, आणि आत रिव्हेटच्या ओळीखाली गंज चाललेला असतो."

विमानाचे वय तीन तऱ्हांनी मोजायचे, हे मला त्यांच्याकडून समजले. एक पंचांगाचे वय, म्हणजे कारखान्यातून निघून किती वर्षे झाली. दुसरे उडलेल्या तासांचे. तिसरे उतरण्यांचे, आणि शिकवणीच्या विमानात तेच सर्वांत वाईट. बड्या विमानाने दिवसातून चार वेळा धावपट्टीला पाय लावले तर फार झाले. शिकवणीचे विमान एका तासात सहा-सात वेळा उतरते-चढते, आणि उतरवणारा नवशिका असतो; तो विमान टेकवत नाही, आपटतो. प्रत्येक आपटण्याचा हिशेब चाकांच्या पायात, पंखाच्या मुळाशी, कुठेतरी जमा होत राहतो.

इथे मला वाटले, मग विमान उडवायचे कमी करावे, म्हणजे टिकेल. काका हसले. उभे राहिलेले विमान उडणाऱ्यापेक्षा लवकर मरते, असे त्यांचे म्हणणे. या लहान विमानांतल्या पुष्कळ इंजिनांत कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो. इंजिन महिनोन्महिने बंद राहिले की त्यावरचे तेल निथळून खाली जाते, उघड्या लोखंडाला दमट हवा लागते आणि गंज धरतो. पुढे इंजिन सुरू केले की तो गंज कानशीसारखे काम करतो. रबराच्या नळ्या वाळून कडक होतात. टाकीत दव साचून पेट्रोलखाली पाणी बसते. उंदीर पंखात बिऱ्हाड करतात. आणि एक शत्रू तर आपल्या सर्वांच्या ओळखीचा, कुंभारीण माशी. घरात खिडकीच्या कोपऱ्यात चिखलाचे घर बांधते तीच. विमानाचा वेग दाखवणारी पिटो नावाची एक बारीक नळी बाहेर असते. तिचे तोंड कुंभारणीला फार आवडते. म्हणून विमान उभे केले की त्या नळीला टोपी घालायची आणि टोपीला लाल फीत बांधायची. १९९६ च्या फेब्रुवारीत डोमिनिकन रिपब्लिकजवळ एक मोठे बोइंग समुद्रात पडून १८९ माणसे गेली. ते विमान काही दिवस टोपीवाचून उभे होते, आणि चौकशी करणाऱ्यांचा संशय असल्याच एका माशीवर होता.

"म्हणजे माशी मारायची जबाबदारी कुणाची?" मी आमच्या बहिणीचा प्रश्न पुढे सरकवला.

काका म्हणाले, कायद्यात हे अगदी स्वच्छ लिहिले आहे. आपल्याकडे काय, अमेरिकेत काय, विमान उडण्यालायक ठेवण्याची पहिली जबाबदारी मालकाची किंवा ते चालवणाऱ्या संस्थेची. इंजिनिअर सही करतो ती आपण केलेल्या कामापुरती. वैमानिक उडण्यापूर्वी विमानाभोवती फेरी मारून पाहतो ती त्या उड्डाणापुरती. पण शंभर तासांची तपासणी वेळेवर झाली की नाही, दोन हजार तासांच्या आसपास इंजिन पुरते उघडायचे ते उघडले की नाही, कारखान्याने धाडलेली सूचना अमलात आली की नाही, दरवर्षी उड्डाणयोग्यतेचा आढावा घेऊन दाखला नवा केला की नाही, हे सगळे पाहणे मालकाकडे. त्याला ते स्वतः जमत नसेल तर मान्यताप्राप्त संस्थेशी लेखी करार करून तिच्यावर सोपवता येते. आपल्याकडच्या पुष्कळ संस्था तसेच करतात.

"आणि तिथंच घोटाळा होतो," काका म्हणाले. "काम सोपवता येतं. मालक समजतो, काळजीसुद्धा सोपवली."

मग त्यांनी आपली एक हकिगत सांगितली. गाव कोणते, क्लब कोणता, हे त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. एका जुन्या विमानाच्या पंखाखाली, आधाराची दांडी जिथे जोडतात तिथे, त्यांना केसाएवढी रेघ दिसली. रंगाची असेल किंवा तड्याची. रंग खरवडून, भिंग लावून, द्रव टाकून पाहायचे तर दोन दिवस विमान बंद. परीक्षक दुसऱ्या दिवशी यायचा होता आणि चार मुलांची परीक्षा होती. चालकांनी त्यांना बोलावून अतिशय गोड भाषेत सांगितले की, इतकी वर्षे काही झाले नाही, उद्या संध्याकाळी पाहा. "दटावलं असतं तर बरं झालं असतं," काका म्हणाले. "दटावणाऱ्याला नाही म्हणणं सोपं असतं. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला." काकांनी चहा घेतला आणि सही केली नाही. रेघ तड्याचीच निघाली. पुढच्या महिन्यात त्यांना कळवण्यात आले की, क्लबाला आता पूर्णवेळ माणसाची गरज राहिलेली नाही. त्या वेळी त्यांची थोरली मुलगी मॅट्रिकला होती. आतून त्यांच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "सहा महिने माझ्या भावानं धान्य पाठवलं, तेही सांगा." काकांनी तेही सांगितले.

जुने विमान म्हणजे वाईट विमान असे मात्र ते बिलकुल मानत नाहीत. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, ती आपल्या नागरी विमान वाहतुकीची सुरुवात. त्याला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १९८२ साली, त्याच तारखेला टाटा त्याच मार्गाने पुन्हा एकटे उडत आले. वैमानिक अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता, आणि त्यांचे लेपर्ड मॉथ विमान १९३० नंतरच्या दशकातले, लाकूड आणि कापडाचे. दोघांनाही काही झाले नाही, कारण दोघांचीही निगा राखणारी माणसे होती. भाची शिकू पाहत होती ते सेस्ना १५२ हे विमानही असेच. १९८५ नंतर त्याचे उत्पादन बंद पडले. म्हणजे जगात आज उडणारे सर्वांत तरुण सेस्ना १५२ सुद्धा चाळिशीचे आहे. "तुझ्या आईच्या वयाचं," काका तिला म्हणाले. "आईला जशी गुडघे तपासून घ्या म्हणतेस ना, तसं." सुटे भाग महाग, कधी महिनोन्महिने येत नाहीत. मग तीन विमानांतले एक कोपऱ्यात उभे करून त्याचे भाग इतर दोघांना लावायचा मोह होतो. प्रत्येक भागाचा कागद असेल तर त्यात गैर काही नाही. कागद हरवला की विमानाची वंशावळच हरवली.

याउलट, वयाने तरुण विमान दगा देते याचे उदाहरण त्यांनी दिले ते ऐकून मी सुपारी चघळायचा थांबलो. ४ एप्रिल २०१८ रोजी अमेरिकेत फ्लोरिडातल्या डेटोना बीचजवळ एका नामांकित विद्यापीठाच्या पायपर जातीच्या शिकवणीच्या विमानाचा डावा पंख उडताना निखळला. परीक्षा देणारा विद्यार्थी आणि परीक्षक, दोघेही ठार झाले. विमान २००७ चे, म्हणजे अकरा वर्षांचे. पण ते ७,६०० तासांहून अधिक उडाले होते, आणि सगळे तास शिकवणीचे. पंखाच्या मुख्य तुळईत, बोल्टच्या भोकाच्या कडेला, धातू थकून तडा गेला होता. तिथे बाहेरून दृष्टी पोचत नाही. नेहमीची तपासणी होऊनही तो सापडला नव्हता. त्यानंतर विद्यापीठाची इतर विमाने तपासली, तर आणखी एकात तसलाच तडा निघाला. शेवटी २०२१ मध्ये तिथल्या सरकारने हुकूम काढला की, या घराण्यातल्या ज्या विमानांवर ताण अधिक पडला आहे त्यांच्या पंखांचे बोल्ट काढून भोके विजेच्या उपकरणाने तपासा. म्हणजे मालकाने सगळे नियम पाळूनही एखादी गोष्ट निसटते. मग जिथे नियमच पाळले जात नाहीत तिथे काय, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

आणि आपले घाटकोपर. २८ जून २०१८, भर दुपार. एक किंग एअर जातीचे, दोन इंजिनांचे, वीस वर्षांहून जुने विमान. पूर्वी ते उत्तर प्रदेश सरकारचे होते; नंतर एका खासगी कंपनीने घेतले. पुष्कळ दिवस दुरुस्तीत राहून जुहूहून चाचणीसाठी उडाले आणि परतताना दाट वस्तीत, बांधकाम चालू असलेल्या एका इमारतीपाशी पडले. दोन वैमानिक, दोन तंत्रज्ञ आणि रस्त्याने चाललेला एक पादचारी, असे पाच जण गेले. काका बराच वेळ गप्प राहिले. ज्यांनी विमान दुरुस्त करायचे तेच चाचणीला आत बसतात, ही या धंद्याची जुनी रीत आहे, एवढेच ते म्हणाले. मला त्या पादचाऱ्याचे राहून राहून वाटते. विमान कुणाचे, ते किती जुने, त्याचे कागद कुठे आहेत, यांपैकी कशाशीही त्याचा संबंध नव्हता.

भाचीचा उत्साह एवढ्यानंतर मावळेल असे बहिणीला वाटले असावे. झाले उलटे. तिने एक वही केली आणि काकांना विचारून विचारून तीत प्रश्न उतरवले. मग आम्ही दोघे संस्था पाहत हिंडलो. बापू म्हणाले होते, स्थळं पाहायला निघाल्यासारखे निघाला आहात. आणि खरोखर सगळे तसेच होते. चकचकीत पुस्तिका, कॉफी, भिंतीवर गणवेशातले फोटो. २०२३ च्या ऑक्टोबरात बारामतीला एकाच संस्थेची दोन विमाने चार दिवसांच्या आत, १९ आणि २२ तारखेला, पडली होती. त्यानंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्या संस्थेचे उड्डाण थांबवून चौकशी मांडली. २०२५ च्या ऑक्टोबरपासून तर महासंचालनालय सगळ्या संस्थांची प्रतवारीच जाहीर करू लागले आहे, आणि तीत सुरक्षिततेलाही गुण आहेत. ती प्रतवारी आम्ही पाहिलीच. पण काकांनी सांगितले होते, प्रतवारी पाहा आणि हँगरही पाहा.

एका ठिकाणी भाचीने विचारले, "विमानाची लॉगबुकं बघायला मिळतील का?" समोरचे गृहस्थ इतक्या प्रेमाने हसले की आम्ही तिथूनच उठलो. दुसरीकडे हँगरमध्ये नेले, पण कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक पंख नसलेले विमान होते, त्याविषयी विचारल्यावर कॉफीची आठवण झाली. तिसऱ्या संस्थेत कॉफी नव्हती. विमाने जुनी, सेस्नाच. हँगरमधली इंजिनिअर बाई तेलाचे हात पुसत आली आणि भाचीच्या वहीतले प्रश्न वाचून म्हणाली, "हे कुणी लिहून दिलं?" मग तिने स्वतःहून एका विमानाची लॉगबुके काढली. एक सांगाड्याचे, एक इंजिनाचे, एक पंख्याचे. पानापानावर तारखा, तास, सह्या. मध्ये दोन महिने विमान बंद असल्याची नोंद होती. कारण लिहिले होते: चाकाच्या पायाचा एक भाग परदेशातून यायचा. मी विचारले, या दोन महिन्यांत संस्थेचे नुकसान झाले असेल. ती म्हणाली, "झालं ना. साहेब रोज येऊन विचारायचे, भाग आला का? विमान सोडता का, असं एकदाही विचारलं नाही."

मी हे बहिणीला फोनवर शब्दशः सांगितले. ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "ते साहेब स्वतः येतात का हँगरमध्ये?" रोज सकाळी, मी म्हटले, बाईने तसे सांगितले होते. "मग भर पैसे," ती म्हणाली. बापूंनी गिरणीवर कर्ज काढले.

तिला आता पाच महिने झाले. परवा रात्री फोन आला तेव्हा ती फुरंगटली होती. उडण्यापूर्वी इंजिन सतराशे फेऱ्यांवर नेऊन दोन मॅग्नेटो एकेक करून तपासतात. एका मॅग्नेटोवर फेऱ्या एकशे पंचवीसहून अधिक पडता कामा नयेत; त्या दिवशी दीडशेच्या वर पडल्या. तिने विमान वळवून परत आणले, बिघाडाच्या वहीत लिहिले आणि सही केली. सोबतच्या शिक्षकांनी मान डोलावली. विमान दोन दिवस आत राहिले आणि तिचे अडीच तास हुकले. बरोबरीची मुलगी तेवढ्याने पुढे गेली.

बापू शेजारीच बसून ऐकत होते. त्यांनी फोन हातात घेतला.

"त्या अडीच तासांचे पैसे लावले का त्यांनी?"

"नाही, बाबा."

"आणि मॅग्नेटोत निघालं काय?"

"पॉइंट घासले होते. बदलले."

"जुने कुठे टाकले?"

"मालकांनी टेबलावर ठेवलेत. सगळ्यांना दाखवताहेत."

बापूंनी फोन बहिणीकडे दिला आणि ते गिरणीकडे निघाले. पाळी संपायला अजून तास होता.